किशनरावांच्या डाळ मिलमधले आठ प्रयोग

७ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामांची नोंद वेळच्या वेळी झालेली बरी. पुण्याची नोकरी गेल्यापासून (मी सोडणारच होतो, कंपनीनं घाई केली) सोनपेठला सासुरवाडीत आहे. घरजावई नव्हे. मुक्काम लांबलाय, इतकंच.
सासरे किशनराव, म्हणजे मामा, यांची तुरीची डाळ मिल. डाळ फार फुटते, चुरी पडते. परभणीचे व्यापारी भगवानराव म्हणालेत, एक ट्रक नीट दिलात तर वर्षभर माल तुमचाच घेतो. मामांची झोप उडाली आहे. माझी नाही. मी फॅक्टोरियल एक्सपेरिमेंटचा ऑनलाइन कोर्स केलाय (शेवटचे दोन धडे सोडून). हा ट्रक मीच पास करणार. मग मिलमध्ये माझंही टेबल लागेल.

१० जानेवारी
मामांना समजावलं. तुरीला तेल कमी किंवा जास्त, ऊन एक दिवस किंवा तीन, रोलर हळू किंवा जोरात. सगळ्या जोड्या मिळून आठ प्रयोग, प्रत्येकी एक पोतं. मामा म्हणाले, एका येळेला एकच बदलून बघावं की. मी हसलो. तसं केलं तर तेलाचं आणि रोलरचं आपसात काय जमतं ते कळणारच नाही. मामा म्हणाले, तुमी म्हणाल तसं, जावईबापू. माणूस समजूतदार आहे.

१७ जानेवारी
सकाळी सहाला मिलमध्ये हजर राहायचा संकल्प. सव्वादहाला उठलो. काल सासूबाईंनी धपाटे फार वाढले, त्याला मी काय करणार?
मिल चालवणारा सूर्यभान हुशार आहे. पोती निवडताना म्हणाला, दाजी, तुमच्यासाठी लय झ्याक तूर काढून ठिवलीय. याला म्हणतात टीमवर्क.

२३ जानेवारी
आठही प्रयोग पूर्ण. धुळीची ॲलर्जी असल्यामुळे चुरीचं वजन मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायनाबाईवर सोपवलं. ती आणि इतर बाया सुपं घेऊन माझ्या डाळीभोवती दुपारभर बसल्या होत्या. विज्ञानाबद्दल खेड्यात इतकं कुतूहल असेल असं वाटलं नव्हतं.

२४ जानेवारी
निकाल थक्क करणारा! आठही पोत्यांत चुरी जवळजवळ नाहीच. म्हणजे तेल, ऊन, रोलर, कशानंच काही फरक पडत नाही. इतकी वर्षं लोक तेल उगाच चोळायलेत. निर्णय: सगळ्यात स्वस्त जोडी. तेल कमी, ऊन एक दिवस, रोलर जोरात. बायको अपेक्षा म्हणाली, असं कसं होईल, परत मोजून बघा. ती बी.ए. आहे, तिचं सोडून देऊ.

४ फेब्रुवारी
ट्रक परत आला. अर्धी डाळ, अर्धा भरडा.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
उलगडा झाला. बायनाबाई म्हणाली, दाजीच्या मापात चुरी कशी घालावी, गावाची इज्जत हाय. आठही पोत्यांतली चुरी पाखडून, वेचून मग वजन केलं होतं. ट्रक मात्र भगवानरावांचा. ते कुणाचेच जावई नाहीत.
मामा सूर्यभानवर ओरडले, बायांवर ओरडले, अपेक्षावरही ओरडले. मला म्हणाले, जावईबापू, जेवून घ्या. मला फार लाज वाटली. जेवलो.

९ फेब्रुवारी
भगवानरावांनी आणखी एक संधी दिली. प्रयोग आता अपेक्षा करणार. ती घरची लेक, तिला कुणी चांगलं काढून देत नाही. वजनही स्वतः करणार. मी मार्गदर्शन करीन. तिनं एक चौथा घटक वाढवला: मी. हजर किंवा गैरहजर. प्रयोग सोळा झाले. माझ्या कामाचं महत्त्व उशिरा का होईना, तिला पटलं.

२६ फेब्रुवारी
निकाल. जोराचा रोलर चालतो, पण तेल जास्त असेल तरच. (हे मी दहा जानेवारीलाच म्हणालो होतो.) मात्र सगळ्यात मोठा परिणाम माझा! तेल, ऊन, रोलर तिन्ही मागे पडले. मी हजर असलो की सूर्यभान पंखा माझ्याकडे वळवायला पळतो, बाकीचे चहापाण्याला, रोलरपाशी कुणीच उरत नाही. चुरी दुप्पट.

२७ फेब्रुवारी
नवा ट्रक परवा भरायचा. मामा स्वतः खोलीत आले. मग म्हणाले, जावईबापू, दोन-चार दिवस परभणीला आईकडं जाऊन येता का? जीप काढून देतो.
इतक्या महिन्यांत मिलसाठी मला कुणी पहिल्यांदाच काम सांगितलं. नीट करणार. बॅग भरली.