डावा हात खिशात

४ जानेवारी २०२५, शनिवार

गेले एकदाची जयनगरला. दोन मेट्रो, मधे मॅजेस्टिकची रेटारेटी, आणि सबंध वाटेत डोक्यात एकच – आपण तिथे कोण म्हणून चाललोय? ध्रुवचा आणि माझा घटस्फोट होऊन दोन महिने झाले. तो गेला सिंगापूरला. मी महादेवपुरात, तेच ऑफिस, तीच खोली. आणि आप्पा एकटे त्या घरात. सासऱ्यांशीही आपलं संपलं का, हे विचारायचं तरी कोणाला? फोन करायला धजतच नव्हते.

शेवटी सोमवारी त्यांचाच आला. "अ‍ॅम्प बिघडलाय. येतीस काय? माझं हात चालंनात."

हात खरंच चालत नाहीत. चहाचा कप बशीत वाजत राहतो. पस्तीस वर्षं हॉटेलांतल्या बँडवाल्यांचे अ‍ॅम्प या माणसाने दुरुस्त केले, आणि आता स्वतःचाच उघडता येत नाही!

अ‍ॅम्प गिटारचा, त्यांनी स्वतः बांधलेला, शहाऐंशी सालचा. हिरवं रेक्झिन, कोपरे झिजलेले. चालू केला. पाच मिनिटांत मागचे दोन मोठे काचेचे व्हॉल्व्ह आतून लालबुंद. "नवीन घातलोय. जास्त करंट ओढायलेत, जळून जातील." व्हॉल्व्हला आवर घालणारं जे उलटं व्होल्टेज असतं, ते बायस. आप्पांनी ते जुन्या व्हॉल्व्हच्या मापाने कायमचं बांधून टाकलेलं. "तसलं व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत. पॉट घालून बायस फिरवता यायला पाहिजे." पॉट म्हणजे स्क्रू फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर.

मी म्हटलं, आप्पा, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे.

"मग? टेस्टच करायचंय की."

११ जानेवारी

आज सोल्डरिंग नाही. आज फक्त खिसा!

अ‍ॅम्पच्या पोटात चारशेच्या वर व्होल्ट. बंद केला तरी कंडेन्सरमधे साठलेलं राहतं. दोन्ही हात आत घातले तर करंट या हातातून त्या हातात, छातीवरून जातो. म्हणून डावा हात कायम खिशात – हा आप्पांच्या वर्कशॉपचा पहिला नियम. माझ्या पिवळ्या कुर्त्याला खिसाच नव्हता. आप्पा बघतच राहिले. "पुण्यात कापडाला खिसा लावत नाहीत काय?"

शेवटी त्यांच्या मफलरने माझा डावा हात पाठीमागे बांधला. मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर. गाठ मारायला तीन खेपा लागल्या. कंडेन्सर रिकामे केले, मीटर लावून शून्य बघितलं, मग बायस बांधणारा जुना रेझिस्टर कापून काढला. दिवसाचं काम एवढंच. नंतर अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची उसळ. सोललेले दाणे आप्पांनी सकाळीच भिजवून ठेवले होते, दोघांना पुरतील इतके.

सोल्डरचे डाग पडतील म्हणून तो कुर्ता आता तिथेच ठेवलाय.

१४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात एळ्ळु-बेल्लच्या पुड्या वाटल्या – तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप. एक आप्पांसाठी बाजूला ठेवली. मग वाटलं, ठेवावी का? ठेवलीच.

१८ जानेवारी

पॉट बसवला. ते बोलत होते, मी करत होते. मफलर होताच. पहिला जोड गचाळ झाला, दुसरा बरा, तिसऱ्याला "सरी" मिळालं, म्हणजे बरोबर.

मग आप्पांनी विचारलं, "पॉटचा मधला पाय सुटला तर काय होईल?" प्रत्येक जोड पुन्हा बघितला. मी जसं जोडलं होतं त्यात पाय सुटला की बायसच नाहीसं, आणि व्हॉल्व्ह जळून खाक. "तू टेस्टर ना? सुटलं तर काय, हे आधी बघायचं. सुटलं तरी कुणी जळू नये असं जोडायचं." सगळं काढून पुन्हा जोडलं. ध्रुव आणि मी हा विचार कधी केलाच नाही. आम्ही फक्त टिकेल असं धरून चाललो होतो.

तोवर ठीक होतं. मग खालच्या मजल्यावरचे नवीन भाडेकरू वासुदेव वर आले, पाण्याच्या टाकीचं विचारायला. माझ्याकडे बघून म्हणाले, "इवरु यारु?" – ह्या कोण?

आप्पांनी टेबलावरची सोल्डरची तार उचलली. पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "अ‍ॅम्प रिपेरी माडोक्के बंदिद्दारे."

माझं कन्नड यथातथाच, पण एवढं कळतं. अ‍ॅम्प दुरुस्त करायला आल्यात. वर आदरार्थी!

पाच वर्षं त्या घरची सून होते. पुडी पर्समधेच राहिली. राहिली कसली, दिली नाही.

२० जानेवारी

रुसायचा हक्क तरी कुठला मला? तरी रुसले आहे.

२५ जानेवारी

जाणारच नव्हते. काम अर्धवट सोडू नये म्हणून गेले, असं स्वतःला सांगितलं.

खुर्चीवर माझा पिवळा कुर्ता घडी घालून ठेवलेला. डाव्या बाजूला खिसा! ध्रुवच्या आईंच्या जुन्या निळ्या साडीचा तुकडा. आईंना जाऊन सहा वर्षं झाली, ती साडी आप्पांनी कोणाला हात लावू दिली नव्हती. टाके वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड, एके ठिकाणी रक्ताचा बारीक ठिपका. मी म्हटलं, समोरच्या शिंप्याकडे द्यायचा की. "त्याला काय ठाऊक, तुझा हात कुठवर जातोय."

मी तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू ठेवला.

मग डावा हात खिशात घालून उजव्या हाताने स्क्रू फिरवला. मीटर करंट बासष्ट दाखवत होता. हळूहळू पन्नास, चाळीस, पस्तीस. "तिथंच. सोड." पाच मिनिटं झाली, दहा झाली. व्हॉल्व्हमधे नेहमीचा नारिंगी उजेड, बाकी कुठे लाली नाही. आप्पांनी शिकवलेले चार कॉर्ड गिटारवर वाजवले. ते डोळे मिटून ऐकत होते. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि त्याच क्षणी लक्षात आलं – काम झालं. आता कशाला यायचं?

"झालं मग आप्पा?"

"कुठलं झालं? नवीन व्हॉल्व्ह, स्वल्प स्वल्प सरकतंय बायस. दर शनिवारी बघावं लागतंय."

पुडी दिली. तीळ शिळे झाले होते. सगळे खाल्ले त्यांनी.

१ फेब्रुवारी

मीटरवर पस्तीस. तसूभर सरकलेलं नाही. खिशाचा मात्र कोपरा उसवला. आप्पा आंघोळीला गेले होते, म्हणून दोरा शोधायला कपाट उघडलं. मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात पेपरात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह, कोरे, जुन्या बनावटीचे. चिठ्ठीवर आप्पांचं पूर्वीचं ठाम अक्षर – "माझ्या अ‍ॅम्पची राखीव जोडी. मापात आहे, बायस बदलायला नको." गुंडाळलेला पेपर मात्र गेल्या डिसेंबरचा. एकोणतीस तारखेचा, रविवारचा. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मला फोन केला होता.

डबा होता तसा मागे सरकवला. खिसा त्यांच्याकडेच शिवायला देऊन आलेय. घाई नाही म्हटलं.