तिघांचं टाइमटेबल

२० नोव्हेंबर १९७२, सोमवार. सकाळी ७.
हेडमास्तरांशी तत्त्वासाठी भांडलो. नोकरी सोडली, तिन्ही मुलांची नावं शाळेतून काढली. आता शिक्षण घरीच. सकाळी पुस्तकं, दुपारी कलागुण. सारा (चौदा): गायन. योहान (दहा): ड्रिल आणि पोहणं. एलिया (पाच): चित्रकला. टाइमटेबल भिंतीवर लावलं. पत्नी एलिझाबेथ ते न वाचताच दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिसगावात असा प्रयोग पहिलाच.

२२ नोव्हेंबर.
विहीर कोरडी. योहानला ओसरीवर पालथा झोपवून हात मारायला लावले. थिअरी पक्की झाली. एलियाने कोळशाने भाकरी काढली. दुसरं काहीतरी काढ म्हटलं. दुसरी भाकरी काढली.

२७ नोव्हेंबर.
वेळा जुळत नाहीत. एकाचं घेतलं की दोघं रिकामे. योहान म्हणतो, ड्रिल केलं की चक्कर येते. निव्वळ आळस. तिघांना मिळून करता येईल असं काहीतरी शोधायला हवं.
एलिझाबेथ म्हणाली, तुम्हीही कामावर नाव घाला, कामावर मिळणाऱ्या माझ्या एकटीच्या सुकडीत पाच पोटं भरत नाहीत. खडू धरलेल्या हातात हातोडा? हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं बजावलं.

१ डिसेंबर.
चर्चमध्ये नाताळच्या गीतांची तालीम आहे, दिवसभर चालते, असं सारा म्हणते. परवानगी दिली.

६ डिसेंबर.
योहानही तालमीला जातो. एलिया मागे राहीना, त्यालाही धाडलं. तीन वयं, एकच activity. प्रश्न सुटला. मोकळ्या वेळात गृहशिक्षणावर पुस्तक लिहायला घेतलंय. सध्या प्रस्तावना.

१३ डिसेंबर.
साराचे तळवे सोललेत. टाळ्या वाजवून, म्हणाली. टाळीचं महत्त्व प्रस्तावनेत घालणे. योहान जेवता जेवता झोपला. सुकडी हल्ली पाचांना पुरते. माझ्या मिताहाराच्या नियमाचा गुण.

२१ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळ.
तालीम ऐकायला गेलो. चर्चला कुलूप. पाळकसाहेब म्हणाले, यंदा गीतं नाहीत, गाणारी सगळी रस्त्याच्या कामावर आहेत.
तिथे गेलो. सारा आईशेजारी बसून खडी फोडत होती. हजेरीपटावर तिचं वय अठरा लावलंय. योहानच्या डोक्यावर घमेलं. एलिया बारीक खडे वेचत होता. मला फार लाज वाटली. मुकादमाने विचारलं, हे कोण. सारा मान वर न करता म्हणाली, "आमचे बाबा हायेत. त्यांना बरं न्हाई."
मी ठणठणीत आहे, असं सांगणार होतो. पण मग त्याने हातोडा दिला असता. परत आलो.

२२ डिसेंबर. सकाळी ७.
हजेरी घेतली. कोणीच नाही. पाटीवर साराने लिहून ठेवलंय: बाबा, पाणी भरलंय. सुकडी टोपलीखाली आहे.
अक्षर वळणदार आहे. ते मी शिकवलं.
सुकडी खाल्ली.