माताजींचं बयान राहिलंय

बाई, या महिन्यात घरात आलं ते असं. कानावर लावायचे जाड मफ, जुने पण धड, बाराशे. नेमबाजीचे बूट, लेकीच्या क्लबातल्या एका मुलीचे उतरलेले, दोन हजार. लोखंडी पेटी, नवीन, साडेसात हजार, वर सुताराचे तीनशे. सरकारी क्वार्टरची भिंत फोडता येत नाही, म्हणून ती देव्हाऱ्याखालच्या कपाटात बोल्टांनी बसवली. पेटीत ठेवायचं पिस्तूल मात्र आलं नाही, कारण त्याचं लायसन्सच आलेलं नाही. लेकीचा अर्ज जाऊन वर्ष होत आलं. ती रोज जेवताना मोबाईलवर स्टेटस बघते आणि म्हणते, "आई, यार, अजून पेंडिंग." हे आपले मंत्रालयातल्या अनुभवावरून सांगतात, "फाईल बसते तेव्हा ती विचार करत नसते बेटा, नुसती बसते." दोघं हसतात. थंडीत निवड चाचणी आहे. क्लबाचं पिस्तूल पाळीपाळीने मिळतं, तेवढ्यावर हात बसत नाही. लायसन्स आलं नाही तर हेही वर्ष गेलं.

तुम्ही गेल्याचं मला इथे दिल्लीत उशिराच कळलं. मी तुमच्या एनसीसीच्या तुकडीतली, दहावीला असलेली, दोन वेण्यांची. पॉइंट टू टू रायफल, वाळूच्या पोत्यावर टेकलेली, मी पोटावर पालथी. पाच गोळ्या झाल्यावर तुम्ही लक्ष्याचा कागद काढून आणलात, पर्समधून पावली काढून भोकांवर ठेवलीत, आणि पाचही भोकं तिच्याखाली झाकली गेली. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. तुम्ही पावली परत पर्समध्ये टाकलीत आणि म्हणालात, "रायफल जमा कर. गवतात लोळल्यासारखा युनिफॉर्म झालाय." शाबास नाही, काही नाही. माझं काय चुकलं, हे मी लग्न होऊन इथे आल्यावरही पोळ्या लाटता लाटता शोधत असायची.

आता वाटतं, माझं काही चुकलं नव्हतं. बाई, मला माझ्या लेकीचा हेवा वाटतो. ती बैठकीत हात सरळ धरून, रिकाम्या मुठीने भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून उभी राहते, तेव्हा तिचे वडील टीव्ही बंद करून बसतात. तिच्या फॉर्मवर सह्या करायला त्यांनी रजा टाकली. माझ्या वडिलांना एक सही जमली नव्हती. दिल्लीच्या कॅम्पला मी तेव्हा यायची होते. आले ती लोणच्याच्या बरण्या आणि सासूबाईंना घेऊन. लेक मैत्रिणींना सांगते, मम्मी माझ्या लायसन्ससाठी संकष्टी करते. उपास खराच आहे. पण संकल्पाला तळहातावर पाणी घेते आणि तिच्या कामाचं नाव काही जिभेवर येत नाही. पाणी तसंच ताम्हनात सोडते.

पोलीस चौकशीला हवालदार आला त्या दिवशी मी चहा टाकला होता. त्याने पेटी ठोकून पाहिली. "पेटी तो बढ़िया है, माताजी. घर में और किसी को चलानी आती है?"

लेक फिस्सकन हसली. "मम्मी को? मम्मी तो कुकर की सीटी से डर जाती है!"

हे हसले, हवालदार हसला, मीही पदर तोंडाला लावून हसले. तिला मी कधी सांगितलंच नाही, तर तिला दोष कसा देऊ. मग त्याने वहीवर पेन टेकवून विचारलं, "आपको तो कोई एतराज़ नहीं?" एवढंच होतं. नाही म्हणायचं होतं. मी म्हणाले, "भैया, चाय ठंडी हो रही है," आणि कप आणायला आत गेले. ओट्याशी बराच वेळ उभी राहिले. बाहेर आले तर तो निघून गेला होता.

तेव्हापासून फाईल पोलीस रिपोर्टवर अडकली आहे. लेक सरकारला शिव्या घालते, मी पोळीवर तूप लावते. आज सकाळी त्याचा फोन आला. रिपोर्टमध्ये माताजींचं बयान राहिलंय, उद्या सकाळी येतो.

मला सारखं आठवतंय ते आमचं माहेरचं स्वयंपाकघर. तुम्ही पाटावर बसलात, गुळाचा चहा घेतलात आणि वडिलांना म्हणालात, "हिला पाठवा. माझ्यापेक्षा हिचा नेम चांगला आहे." किती स्वच्छ म्हणालात. वडील म्हणाले, "बाई, आधी आला असता तर बघितलं असतं. परवाच सुपारी फुटली." कॅम्पच्या फॉर्मचा तो शेवटचा दिवस होता. कागदावर पावली ठेवल्याला तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते.

मी रागावून विचारत नाही. उद्या तो हवालदार पेन टेकवेल तेव्हा मला एकच वाक्य म्हणायचं आहे, आणि लेकीसमोर म्हणायचं आहे की मुझे चलानी आती है, और इसको मुझसे अच्छी आती है. सकाळपासून मनात घोकतेय, दुसऱ्या अर्ध्याशी अडते. हे पत्र कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलंय, पाकीट आणलेलं नाही, कुठे पाठवणार. तरी बाई, ते तीन आठवडे तुम्ही कसे काढलेत, आणि आमचा उंबरा चढताना ते वाक्य तुमच्या तोंडात कुठून आलं, एवढं मला उलट टपाली कळवा. तो दहाला येणार आहे.