पहिला अंगठा

सोमवार, २ तारीख

आलो एकदाच्या! चार महिने धूळ, ठोकाठोकी आणि "ताई, उद्या नक्की" हे ऐकून कान किटले होते, पण आज घर हातात आलं आणि सगळं विसरले. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि चार कुंड्या मावतील एवढी गॅलरी. भिंतींचा रंग फिका पिवळा. ओटा आईच्या उंचीचा करून घेतलाय, त्यामुळे मला कमरेत वाकावं लागतं. असू दे. स्वयंपाक मीच करणार असा तिचा हट्ट आहे, आणि तिच्या हट्टापुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही.

घर "हुशार" आहे, हे दादाचं कौतुक. दादा विमानाने दहा तासांवर राहतो आणि आईची काळजी फोनवरून घेतो. सगळी यंत्रं त्यानेच पाठवली. माणूस खोलीत शिरला की दिवा लागतो. गीझर फोनवरून चालू होतो. इमारतीच्या खालच्या दाराची किंवा आमच्या दाराची बेल वाजली की आत भिंतीवरच्या पडद्यावर माणूस दिसतो, त्याच्याशी बोलता येतं आणि खालचं दार वरूनच उघडतं. दाराला तर किल्लीच नाही. अंगठा टेकवायचा, की कुलपातली बाई गोड आवाजात "स्वागत आहे" म्हणते. आईने विचारलं, कडी कुठाय? मी म्हटलं, कडी आता निवृत्त झाली. आई हसली नाही.

वायरमन शेवटपर्यंत थांबला होता. उंच, शिडशिडीत, कानामागे पेन्सिल, आवाज कधी चढवायचा नाही. चार महिन्यांत सगळ्यांत कमी त्रास त्यानेच दिला. कुलपात आधी आईचा अंगठा घेऊया म्हणाला, मोठ्यांचा मान पहिला. मला इतकं बरं वाटलं! मी आत कपबशा मांडत होते, दारापाशी ती दोघंच होती. मग माझा अंगठा घेतला. फोनवर दोन नावं आली: आई, ताई. झालं, गृहप्रवेश झाला.

गुरुवार, ५ तारीख

हुशार घराचे नखरे. आई दुपारी शिवायला बसली की जरा वेळाने दिवा विझतो, कारण ती हलत नाही, आणि न हलणारं माणूस म्हणजे दिव्याच्या लेखी रिकामी खोली. मग आई हात वर करून हलवते. दिव्याला टाटा करत बसावं लागतं म्हणाली. काल नेट गेलं तर गीझरही गेला. मी गार पाण्याने आंघोळ करून चष्म्याच्या दुकानात पोचले आणि दिवसभर गिऱ्हाइकांचे डोळे तपासताना शिंकत होते.

पण एक सोय आहे. दार उघडलं की माझ्या फोनवर निरोप येतो. आई आता चौऱ्याहत्तरची. काल आणि आज यांची सरमिसळ करते, डॉक्टरांनी सांगितलंच आहे. मी नऊ ते सहा बाहेर. अशा वेळी दारावर कुणाची तरी नजर आहे हे बरं.

सोमवार, ९ तारीख

दुपारी दोन दहाला निरोप आला: "आई आत आल्या." आत आल्या म्हणजे आधी बाहेर गेल्या असणार! गुडघे दुखतात म्हणून कचऱ्याची पिशवी ठेवायलासुद्धा ती दाराबाहेर पडत नाही. घरी आल्यावर विचारलं. कुठेच गेले नाही म्हणाली. इतक्या शांतपणे म्हणाली की मीच विषय बदलला.

शुक्रवार, १३ तारीख

रोज. दोनच्या सुमारास, रोज. "आई आत आल्या."

बेसिनमध्ये दोन कप होते. दुसरा कुणाचा, विचारलं. वायरमनचा, आई म्हणाली. तो येतो, त्याचं थोडं काम राहिलंय. चहा घेतो, मग माळ्यावर खुडबुड करतो. चांगला मुलगा आहे, चप्पल बाहेर काढतो.

मला रडूच आलं. चार महिने ती रोज इथे खुर्ची टाकून बसायची आणि कारागिरांना चहा करून द्यायची. तेच दिवस तिच्या डोक्यात अजून चालू आहेत. तरी मनाची खात्री म्हणून ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, वायरमनने घर सोपवलं त्याच दिवशी काम सोडलं, हत्यारंही न्यायला आला नाही, फोन बंद. समोरच्या काकूंना विचारलं, तर त्या दुपारी ढाराढूर झोपतात. दाराबाहेर चप्पल पाहिली का, या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडेच काळजीने पाहिलं.

आईला समजावलं, की असं कुणी येत नाही, तुला भास होतो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिवण पुढे घेतली.

मंगळवार, १७ तारीख

दादाचा फोन. निरोप त्यालाही जातात. त्याने सगळ्या वेळा लिहून ठेवल्यात. आई रोज भर दुपारी भटकते, एखाद्या दिवशी गाडीखाली येईल, तिला वृद्धाश्रमात ठेवायला हवं, त्याने एक पाहूनही ठेवलाय, महिनाअखेर जागा होईल. मी म्हटलं, आई नाही म्हणतेय ना. तो म्हणाला, आई विसरते, कुलूप विसरत नाही.

फोन ठेवला आणि आईवर ओरडले. तुझ्या या हट्टापायी मी तुला गमावून बसेन, हेही बोलले. बोलायला नको होतं. हे घर मी घेतलं ते तिच्यासाठी, तिचे शेवटचे दिवस तिच्या स्वतःच्या ओट्यापाशी जावेत म्हणून, आणि पंधरा दिवसांत मी तिला कुठे पाठवायचं याचा विचार करतेय.

शेवटी एक उपाय केला. कुलपात एक सोय आहे: मी बाहेर असताना आतली मूठ बंद करता येते. उद्यापासून आईला दार आतून उघडता येणार नाही. कोंडल्यासारखं आहे खरं. पण वृद्धाश्रमापेक्षा बरं.

गुरुवार, १९ तारीख

दोन वीस. "आई आत आल्या."

एक गिऱ्हाईक खालची बारीक ओळ वाचत होतं आणि मी फोनकडे बघत राहिले. कालही निरोप आला तेव्हा वाटलं, मूठ नीट बंद झाली नसेल; आज दोनदा तपासून निघाले होते. मूठ बंद आहे. ती बाहेर जाऊच शकत नाही. मग आत कशी आली?

मालकांना सांगून निघाले. घरी पोचले तेव्हा आई खुर्चीत होती, दिवा विझलेला. ती माझ्यावर रागावली होती. म्हणाली, काल तू मला कोंडलंस ते कोंडलंस, त्यालाही कोंडलंस. बिचारा संध्याकाळपर्यंत अडकला. तू आलीस तेव्हा बाथरूममध्ये होता.

मी काल आल्या आल्या गाणं गुणगुणत कपडे बदलले होते. बाथरूमच्या दाराला पाठ करून.

आता बाथरूम पाहिलं. कोणी नाही. फरशी ओली आहे. आईनेच पाणी ओतलं असेल.

आईनेच.

शनिवार, २१ तारीख

सुट्टी. सकाळी आईला हाताला धरून दाराबाहेर नेलं आणि म्हटलं, टेकव अंगठा.

तांबडा दिवा. "ओळख पटली नाही."

पुन्हा. पुसून पुन्हा. डावा अंगठा. पुन्हा उजवा. तांबडा, तांबडा, तांबडा.

मी तिचा अंगठा उजेडात धरला. एकसुद्धा रेघ नाही. तीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागदांच्या घड्या घातल्यात तिने, अंगठ्याने दाबून दाबून. माझी शाळा, दादाचं कॉलेज त्या अंगठ्यावर झालं, आणि तो असा गुळगुळीत झालाय हे मी आज पाहिलं.

आई म्हणाली, त्या दिवशीही नाहीच जमलं. मग वायरमनने माझ्या नावावर स्वतःचा टेकवला. काम अडू नये म्हणून. मी तुला सांगायला आत आले होते, तू कपबशा मांडत होतीस, हो हो म्हणालीस.

मी तिथेच जिन्यात बसले. तिच्या पायांना हात लावून माफी मागितली. तिने माझ्या डोक्यावर तोच अंगठा फिरवला आणि म्हणाली, चल, आत चहा घे.

आत. त्याच घरात.

शनिवार, दुपारी

फोनवरून "आई" हे नाव काढायला गेले. उत्तर: मालकाला काढता येत नाही.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या मुलीने पाठ केल्यासारखं सांगितलं, की ज्याचा अंगठा पहिला तो मालक. बाकीच्यांना ठेवायचं की काढायचं हे मालकाच्या हातात. मालकाने स्वतः येऊन अंगठा टेकवला तरच बदलता येईल.

मोठ्यांचा मान पहिला.

पोलीस येऊन गेले. काय चोरीला गेलं, विचारलं. काहीच नाही. कुणी पाहिलं? आईने. तिचं वय त्यांनी लिहून घेतलं आणि पेन खिशात ठेवलं. पुन्हा काही वाटलं तर फोन करा म्हणाले.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, तिथून निघा. पण काकू लेकीकडे गेल्यात, लिफ्ट नाही, आईचे गुडघे, आणि आई म्हणते, माझ्या घरातून मी का जाऊ? जायचं त्याने. तिचंही खरंच आहे. सुताराला गाठलं: कुलूप उखडून कडी बसवायची. सोमवारी चारला येतो म्हणाला.

रविवार, २२ तारीख

सोफा दाराला लावून ठेवलाय. निरोप नाही. दोन वाजले, अडीच, तीन. नाही आला.

बरं वाटायला हवं. नाही वाटत. त्या कुलपात येणाऱ्याची नोंद होते, जाणाऱ्याची होत नाही. शुक्रवारचा निरोप शेवटचा, "आई आत आल्या." मग तो गेला कधी?

माळा पाहिला. स्टूल डुगडुगत होतं, आईने ते धरलं. वायरी, रिकामी खोकी. पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, गॅलरीत पाहिलं. आई म्हणाली, इतकं काय शोधतेस, त्याला हाक मार, तो येतो.

नाही मारली हाक.

साडेचार. आम्ही दोघी स्वयंपाकघरात. बाथरूमसमोरच्या बोळातला दिवा लागला. माणूस आला की लागतो तो.

मी सांडशी घेऊन गेले. कोणी नव्हतं. माझ्यामागे स्वयंपाकघरात आई कुणाला तरी साखर किती, असं विचारत होती. धावत आले. एकटीच होती. तुलाच विचारत होते, म्हणाली.

मी चहात साखर घेत नाही. तिला माहीत आहे.

सोमवार, २३ तारीख

कामावर गेले नाही. आईला नजरेआड करत नाही. आंघोळ नाही. बाथरूमला बाहेरून दोरी बांधलीय.

दुपारी आईला डुलकी लागली. दिवा विझला. मी हात हलवला नाही. अंधारात नको वाटतं, पण दिवा लागला तर — मी हलले म्हणून लागला की —

तीन चाळीस. सुतार येईलच.

तीन पंचावन्न. खालच्या दाराची बेल. पडद्यावर काही दिसत नाही, नुसतं काळं. खालचं दार वरून उघडेना. सुतारच असणार. दोन मिनिटं. उतरायचं आणि त्याला घेऊन यायचं. आईला सांगितलं, जागची हलू नकोस. सोफा ओढला. वही हातातच आहे, राहू दे.

जिन्यात. ४.०५

खाली कोणी नव्हतं. रस्ताभर कोणी नाही. सुताराला फोन केला, तो म्हणाला अजून दुकानातच आहे, आता निघतो.

वर धावत आले. दार लागलेलं. आपोआप लागतं ते. अंगठा टेकवला.

ओळख पटली नाही.

माझा. माझा अंगठा. पाच वेळा. फोन उघडला — "तुम्हाला या घरातून काढण्यात आलं आहे."

पोलीस निघालेत. सुतार निघालाय. वीस मिनिटं म्हणे. दार बडवून हात सुजलेत. लिहितेय कारण नाहीतर मी किंचाळेन आणि आई घाबरेल. आई आत आहे. आई आत आहे.

४.११

दाराच्या बेलमधून आवाज आला. पुरुषाचा. चढलेला नाही. घरचा माणूस दारात आलेल्या परक्याला विचारतो तसं त्याने विचारलं, कोण पाहिजे?

मी म्हटलं, दार उघड. मी इथे राहते. माझी आई आहे आत.

तो थांबला. मग आत वळून कुणाला तरी हळूच सांगत होता, मला सगळं ऐकू येत होतं, की आई, बाहेर एक बाई आल्यात, पडद्यावर बघा बरं, ओळखीच्या आहेत का?

आईच्या सपाता. फरफर. जवळ आल्या.

ती बघतेय. दुपारी झोपेतून उठली की तिला जरा वेळ लागतो. माणसं पटकन ओळखू येत नाहीत. मी केस मागे घेतलेत, चेहरा बेलच्या काचेपाशी नेलाय, हसतेय. हसायला हवं, रडवेला चेहरा तिला ओळखू येणार नाही.

तो पुन्हा विचारतोय, ओळखता का आई? नाहीतर जायला सांगतो.

ती काही बोलत नाही —

आई, नीट बघ. घाई नको करू. मी आहे गं, मी —