हडळीला शिवेपार घालवण्याचा खेळ

१ ऑगस्ट २०१०, रविवार
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे. दुसरं कोणी वाचत असेल तर तो कोण हे मला माहीत आहे.

संकल्प: जुन्या भयकादंबरीवरून बोर्डगेम बनवणे. परदेशात म्हणे नवी टूम निघाली आहे. खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात. सगळे एका बाजूला, भूत दुसऱ्या बाजूला. तरले तर सगळे, मेले तर सगळे. नागपूरच्या एका खेळण्यांच्या कंपनीचे साहेब १३ सप्टेंबरला नमुने बघणार आहेत. अख्ख्या अर्जुनी मोरगावातून मी एकटा. सहकारी संस्थेत सचिव म्हणून अठरा वर्षं काढली. सहकार म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.

कादंबरी वाचनालयातली आहे. कव्हर आणि पहिली बारा पानं गायब, त्यामुळे लेखकाची परवानगी हा विषयच मिटला. तळ्यात हडळ. गावातले चौघे एकेक करून खलास, कारण कोणी कोणाला काही सांगत नाही. मूर्ख लोक.

४ ऑगस्ट
कूलरच्या खोक्याचा पट तयार. मधोमध तळं, कडेने गावाची शीव. हडळ शिवेपार गेली की जिंकलो.

टीना विचारत होती, बाबा, चित्रं मी काढून देऊ का. अकरावीतल्या मुलीला बापाच्या कामात अचानक एवढा रस काऊन? नाही म्हटलं. हडळ मीच काढली. प्रेमिला म्हणे, बकरी चांगली दिसून राहिली. बायकोच्या मताला किंमत नाही. पण तिने ती पाहिली कधी?

९ ऑगस्ट
वाचनालयाचे बुद्धभूषण रस्त्यात भेटले. म्हणाले, पुस्तक परत कवा आणता जी, दोन महिने झाले. त्या पुस्तकाशी यांना काय करायचं आहे? तब्येत बरी नाही असं सांगून सटकलो. यापुढे मागच्या गल्लीने ऑफिसला जाणे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन उरकून पहिली चाचणी. चार खेळाडू लागतात. बाहेरचे बोलवायचे तर त्यांना नियम सांगावे लागणार, म्हणून चौघांच्या वतीने मीच खेळलो. दार लावून, खाटेच्या चारही बाजूंना फिरून.

तिसरा खेळाडू काहीतरी लपवतो आहे असं सारखं वाटत होतं. हडळ जिंकली.

१६ ऑगस्ट
पुन्हा चाचणी. तिसऱ्याला मदत करायची नाही असं बाकी तिघांनी ठरवलं. हडळ जिंकली. कंबर दुखते.

२२ ऑगस्ट
नियम पूर्ण झाले. एकूण अकरा. एकाच कागदावर, एकच प्रत. झेरॉक्सवाला पहिली प्रत स्वतःसाठी काढतो हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

टीना म्हणाली, एकदा खेळू तरी द्या ना, आई अन् मी दोघी बसतो. सांगितलं, नागपूरहून आल्यावर. तोंड पाडून गेली. अभिनय चांगला करते.

५ सप्टेंबर, सायं. ५
सुरक्षेचा विचार. कपाटाची किल्ली प्रेमिलाकडे. माळ्यावर उंदीर. ऑफिसात बकाराम चपराशी टेबल पुसताना खण उघडून बघतो (पुरावा नाही, पण पुसतो फार वेळ).

शेवटी जागा सापडली! पडवीच्या कोपऱ्यात झिजलेले खराटे, फुटकं सूप, असलं भंगार प्रेमिला सध्या जमा करून राहिली आहे. खेळाचा डबा, नियमांच्या कागदासकट, फाटक्या चटईत गुंडाळून त्यात खुपसला. खराटे कोणी चोरत नाही. भंगार कशासाठी जमवते ते तिला विचारलं नाही. मी विचारलं की तीही विचारणार.

८ सप्टेंबर
पोळा. सुट्टी. पुरणपोळ्या सहा. कोपऱ्यातलं गाठोडं बांधू का, असं प्रेमिलाने विचारलं. बांध, पण उकरत बसू नको म्हटलं. नागपूरची बस पाहून ठेवली.

९ सप्टेंबर, सकाळी ८
मारबत, पीडा गावाबाहेर काढायचा दिवस. दरवर्षी मी झोपलेला असतो, यंदा उत्साह दांडगा. आमच्या घरचं गाठोडं मीच खांद्यावर घेतलं. यंदा जड होतं, इडापिडा वाढलेली दिसते. सगळी गल्ली ओरडत शिवेपर्यंत गेली. खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा, घेऊन जा गे मारबत! सगळ्यात मोठा आवाज माझा. घरोघरचं भंगार एका ढिगात टाकलं आणि पेटवलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

परत येताना लक्षात आलं: अख्खा गाव एका बाजूला, पीडा दुसऱ्या बाजूला, शिवेपार घालवली की जिंकलो. हा तर माझा खेळ! कल्पना फुटली कुठून? चौकशी करणे.

सकाळी ११
कोपरा रिकामा.

११.०५
गाठोडं.

११.४०
शिवेवर जाऊन आलो. राख. पुठ्ठ्याचा एक तुकडा मिळाला, त्यावर बकरीचं शिंग. प्रेमिलावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, तुमी सांगतलं असतं तं बाजूले ठेवलं नसतं का.

१२ सप्टेंबर
टीनाने नवा पुठ्ठा आणला. रंग आणले. प्रेमिला मुद्दाम काम सोडून बसली. म्हणाल्या, नियम सांगा, उद्या सकाळपर्यंत होऊन जाईल.

मला चार नियम आठवले. उरलेले सात कोणाला तरी विचारायला हवे होते. विचारण्यासारखं गावात कोणी नाही, तशी व्यवस्था मीच केली होती. दोघींसमोर डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला म्हणालो. घरात धूर नव्हता.

१३ सप्टेंबर
बस गेली. मी घरी. पुस्तक बुद्धभूषणांना परत केलं. त्यांनी ठीक आहे जी म्हटलं आणि रॅकवर ठेवून दिलं.

१६ सप्टेंबर
यापुढे काही लपवायचं नाही, असा संकल्प. रोजनिशी तीन दिवस टेबलावर उघडी ठेवली. पानावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला आहे, म्हणजे कोणीतरी जवळ आलं होतं. टीनाला विचारलं, वाचलीस का.

ती म्हणाली, कायले?