कॅमेऱ्याचं कपाळ

२६ सप्टें., शुक्रवार
निघोजेला मुलाच्या शेडवर गेलो होतो, सुनीलच्या कारखान्यात. मोठ्या यंत्रावर कॅमेरा बसवलाय. ब्रेकची प्रत्येक रिंग तो बघणार, खोट दिसली की यंत्र थांबणार. आणि ते परदेशात बसलेल्या साहेबांना दिसणार. आपण माल देतो ती चाकणची कंपनी आता परदेशी लोकांनी घेतली.
सुनील म्हणाला, "अप्पा, याला गुंतवणूक म्हणतात." म्हटलं, कुणाची?
"कॅमेऱ्यापुरती आपलीच."
वा.
पेपरात रोज येतं, परदेशातून गुंतवणूक आली. आली असेल. निघोजेपर्यंत काही पोचली नाही. चाकण चौकात अडकली असणार.

२९ सप्टें., सोमवार
विजेच्या नव्या गाडीच्या रिंगांची ऑर्डर कंपनी दोघांतल्या एकालाच देणार. एक सुनील, दुसरा नव्या मालकांच्याच देशातून त्यांच्यामागं आलेला कारखानदार. दिवाळीपर्यंत कॅमेऱ्यातून बघून ठरवतील. नाही मिळाली तर शेड बंद. जेवताना स्पष्टच बोलला. सूनबाईचा हात ताटावरच थांबला.
कंपनीची इंजिनिअर आली होती, ऋतुजा. ताथवड्याच्या कॉलेजात शिकलेली. "आजोबा, कॅमेऱ्याच्या काचेला हात लावायचा नाही हं."
मी कशाला लावू?

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी
पूर्वी दिवसभर यंत्रं बंद असायची. आता तासभर. तेवढ्यात यंत्रं धुणं, झेंडू, नारळ. हळदकुंकू दरवर्षी मीच लावतो. कांबळे, सुनीलचा जुना ऑपरेटर, म्हणाला, "अप्पा, नवा पाहुणा बोडकाच राहिला की राव!" सगळे हसले. खरंच बरं दिसेना. कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं ते कळेना, मधोमध लावलं. पेढा खाऊन लगेच थेरगावला घरी.
आज जरा बरं वाटतंय.

२ ऑक्टो., गुरुवार. दसरा
काल मी निघाल्यावर यंत्र सुरू केलं. कॅमेऱ्याला प्रत्येक रिंगमध्ये खोट दिसली. चांगल्या रिंगा, सगळ्या बाद. इथं कुणाला कळायच्या आत तिकडून फोन. माल अडवला.
काच पुसायची परवानगी ऋतुजालाच. आज सणाची आली बिचारी. स्वतःच्या रुमालानं पुसली, रुमाल लाल. म्हणाली, "आजोबा, आमच्याकडंही पूजा असते हो. पण बिघाडाच्या कारणांच्या यादीत कुंकू नाहीये." तेल, धूळ, मोडतोड, अस्वच्छता. तिनं अस्वच्छता निवडलं.
माझ्या कुंकवाला अस्वच्छता.
सुनील म्हणाला, "अप्पा, देवघर घरी आहे ना?" एवढंच. आपट्याची पानं तशीच पडून राहिली.

६ ऑक्टो., सोमवार
सुनील बोलत नाही. कांबळेचा फोन, "अप्पा, आम्ही कुणी कंपनीला तुमचं नाव सांगितलं न्हाई."
म्हटलं, भाऊ, डोळा मिटायच्या आधी कॅमेऱ्यानं शेवटचं मलाच पाहिलं की.

९ ऑक्टो., गुरुवार
सोमवारी परदेशी साहेब शेड बघायला येणार. मग निकाल. कंपनीचा निरोप आला, स्वागत आपल्या पद्धतीनं करा. फेटे, ओवाळणं, कपाळाला कुंकू. पाहुण्यांना फार आवडतं म्हणे.
सूनबाईनं करंडा मागितला. तो खंडेनवमीपासून माझ्या पिशवीतच होता. काढून दिला. सुनील दारात उभा. इतक्या दिवसांनी बोलला, "तुम्ही त्या दिवशी घरीच थांबा, अप्पा."
थांबतो. साहेबांचं कपाळ कुठं असतं ते कुणाला विचारावं लागणार नाही.
करंड्यात कुंकू थोडंच उरलंय. पुरेल का, कोण जाणे.