न घासलेलं कपाट

सांगली,
८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
शिवांजलीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर मी फक्त जेवलात का विचारते आणि तुम्ही फक्त व्हय म्हणता, म्हणून हे पत्र. शिवाय ऐकू आलं नाही ही सबब पत्राला चालत नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि शेजारच्या रंगुबाई येईपर्यंत तासभर फरशीवर तसेच होतात, हे मला चार दिवसांनी कळलं, तेही रंगुबाईंकडून. आई जाऊन तीन वर्षं झाली. आता वडूजच्या घराला कुलूप लावा आणि इकडे राहायला या. दोन दिवसांसाठी नाही, कायमचे. उदयसिंहांनी मला हे तीनदा लिहायला सांगितलं आहे, मी एकदाच लिहिते. सासूबाई म्हणाल्या की घरात पेपर मोठ्यानं वाचणारं कोणीतरी हवंच होतं.

मागची अडगळीची खोली तुमच्यासाठी तयार केली आहे. नवीन काही घेतलं नाही, नाहीतर तुम्ही उधळपट्टी म्हणाला असता. सासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर मोडक्या दाराची फळी टाकली, तिचं टेबल झालं. ते टेबल, पलंग आणि अंगणात पडून असलेलं तपकिरी कपाट यांना भिंतींचा उरलेला पिस्ता रंग दिला. सगळं मोबाईलवरच्या एका मुलीचा व्हिडिओ बघून केलं. उदयसिंहांच्या मते रंग कपाटापेक्षा मलाच जास्त बसला. फोटो सोबत ठेवला आहे. कधी न्यायला येऊ ते कळवा.

तब्येतीला जपा आणि आमच्यावर माया आहे तेवढी राहू द्या.

आपली,
शिवांजली


वडूज,
१४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. शिवांजलीस लालासाहेबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी पडलो न्हाई, पाय घसरला. पडनं येगळं आन घसरनं येगळं. रंगुबाईला त्यातलं काय कळतंय.

यायचं म्हनशील तर जमत न्हाई. लेकीच्या दारात बाप दोन दिस गोड लागतो. तिसऱ्या दिशी गल्ली इचारती, म्हातारा का आलाय. चौथ्या दिशी म्हाताऱ्यालाच वाटतं, आपुन का आलोय. हितं मला माजं काम हाय. तितं येऊन पिस्ता रंगाच्या खोलीत निस्तं बसून काय करू? लॉजवर उतरल्यागत वाटंल. जावईबापूंस्नी आन ईनबाईंस्नी रामराम सांग, त्यांचं मन मोठं हाय, पर न्हाई म्हंजे न्हाई.

आता दुसरी गोष्ट. फोटू मी भिंगाखाली बघितला. बाजारातल्या हाफिज पेंटरला बी दाखवला. कपाटाच्या डाव्या दाराला, कडंला, फुगा आल्यागत दिसतोय. हाफिज म्हनला, लालासाब, लेकीनं घासलं न्हाई वाटतं. मी म्हनलं, माजी लेक हाय, घासल्याबिगर रंग द्यायची न्हाई. पर मनात शंका ऱ्हायली.

पलटनीत चोवीस वर्सं काढली. इन्स्पेक्शनला सायेब यायच्या आदी आमी झाडांच्या बुंध्यास्नी गेरू आन चुना लावायचो. पर झाड बी पुसून घेतल्याबिगर बुरूश टेकवला न्हाई. जुन्या ऑइलपेंटवर तसाच रंग देनं म्हंजे अंघोळ न करता पावडर लावनं. घासलं हुतं का न्हाई, एवढंच कळीव. बाकी लिवलं न्हाईस तरी चालंल.

सगळ्यांस्नी आशीर्वाद. पोरी, सुखात ऱ्हा.

लालासाहेब


सांगली,
२० सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
शिवांजलीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं लिहिलं होतं.

नाही, घासलं नव्हतं. व्हिडिओतली मुलगी घासायची गरज नाही म्हणाली होती, पण तिच्यावर ढकलणं बरोबर नाही. मला आतून माहीत होतं. लहानपणी तुम्ही सुट्टीवर आलात की धाकट्या रेश्माला आणि मला खाटेचे पाय घासायला बसवायचात. मी कंटाळा केला. वाटलं, पिस्त्याखाली कोणाला दिसणार आहे. पुढे ते कपाट मी तुमच्यासाठी केलं आहे असंही तुम्हाला लिहिलं. म्हणजे कंटाळ्यावर मायेचा एक हात मारला.

काल दाराला नख लागलं आणि रंग दुधावरच्या सायीसारखा अख्खा हातात आला. खाली तपकिरी तसाच चकचकीत. पलंगाची आणि टेबलाचीही तीच गत. सासूबाईंनी टेबलाचं एक साल काढून हळूच माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

आता सगळं मीच सुरीनं खरवडून काढीन. तुम्ही कपाटाची चिंता करू नका, स्वतःची करा. हाफिजचाचांना सांगा की त्यांची नजर अजून पक्की आहे.

रागावलात तरी चालेल, पण आशीर्वाद कमी करू नका.

आपली,
शिवांजली


वडूज,
२४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. शिवांजलीस आशीर्वाद.

सुरी खाली ठीव. लाकडाला चरे पाडशील. कशालाच हात लावू नगंस.

सोमवारच्या पयल्या गाडीनं येतोय. चार दिसांचं काम हाय. ऱ्हायला येत न्हाई, कामावर येतोय, हे जावईबापूंस्नी आदीच सांगून ठीव. पॉलिशपेपर मीच आनतो, तुला भलताच देत्याल.

लालासाहेब


सांगली,
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय रेश्मा,
अनेक आशीर्वाद.

आबांना येऊन वीस दिवस झाले. तुला शिरवळहून निघता येत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले चार दिवस घरात पिस्त्याची धूळ होती. आबांनी नाकाला रुमाल बांधला, सासूबाईंनाही बांधला आणि त्यांना हेल्पर नेमलं. ज्या बाईंनी तीस वर्षांत मला एकदाही शाबास म्हटलं नाही, त्या आबांनी ठीक हाय म्हटल्यावर दिवसभर खुशीत होत्या. मला फक्त पाणी आणायची परवानगी होती. आता कपाटावर भांडं आपटलं तरी टवका उडत नाही.

तू फोनवर म्हणालीस की मी कबुली दिली नाही, गळ टाकला. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कबुली खरी होती, एक अक्षर वाढवलं नव्हतं. पण सुरीनं खरवडते असं लिहिताना घरात धड सुरी तरी होती का? बापाला न्हाणीघराची भीती घातली तर तो हलत नाही आणि न घासलेल्या लाकडाची घातली तर पहिल्या गाडीनं येतो, हे मला ते पत्र लिहितानाच माहीत होतं की पेटीत टाकताना कळलं? डायरीत तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

पाचव्या दिवशी सकाळी आबा पिशवी भरून पलंगावर बसले होते. गाडीची वेळ विचारली नाही. आणखी काय ऱ्हायलंय का घासायचं, एवढंच विचारलं, तेही भिंतीकडे बघून.

रेश्मा, आमच्या स्वयंपाकघराची दारं गेल्या वर्षीच चांगल्या रंगाऱ्यानं केलेली आहेत. मी म्हणाले, ती दारं जरा कच्ची वाटतात. आबा उठले, दाराला नख लावलं. काही निघालं नाही. पुन्हा जोरात लावलं, तरी नाही. मग माझ्याकडे बघितलं. शेवटी म्हणाले की लय कच्चं काम हाय, दिवाळीआदी काय उरकत न्हाई. आणि खोलीत जाऊन पिशवीतले कपडे कपाटात लावून ठेवले.

तेव्हापासून ते रोज एक फळी घासतात. फार सावकाश. उदयसिंहांनी विचारलं, चांगली दारं का खरवडताय? आबा म्हणाले, जावईबापू, तुमास्नी त्यातलं कळायचं न्हाई. मीही तेच म्हणाले.

तुझ्याकडे काही रंगवायचं असेल तर न घासता रंगव आणि मला आधी कळव. आमची दारं फार तर मार्चपर्यंत पुरतील.

मुलांना गोड पापे. माझ्यावर हसत राहा, पण प्रेमानं.

तुझी ताई,
शिवांजली